टोकियोच्या उपसागरातील नौका : २ सप्टेंबर १९४५

जपानच्या शरणागतीचे चित्रण पाहताना आपली नजर ‘मिसुरी’ या अमेरिकी युद्धनौकेच्या डेकवरील टेबलावर खिळते. पण त्या रविवारी टोकियोच्या उपसागरात दोस्तराष्ट्रांच्या अडीचशेहून अधिक नौका नांगर टाकून उभ्या होत्या. कोणत्या नौका आत आणायच्या आणि कोणत्या बाहेर ठेवायच्या, यामागे पुरता विचार होता. तो विचार समजून घेतल्याशिवाय हा सोहळा नीट कळत नाही.

सम्राट हिरोहितो यांनी १५ ऑगस्टला रेडिओवरून युद्ध थांबत असल्याचे सांगितले होते. तरीही पाण्यातले सुरुंग जागच्या जागीच होते, आणि आत्मघातकी वैमानिकांपैकी कोणी आदेश झुगारणार नाही, याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. ॲडमिरल विल्यम हाल्सी यांचा अमेरिकी तिसरा ताफा २७ ऑगस्टला सगामीच्या उपसागराजवळ पोहोचला, तेव्हा ‘हात्सुझाकुरा’ ही जपानी विनाशिका सुरुंगांची माहिती आणि वाटाडे घेऊन त्याला सामोरी आली. दोन दिवसांनी ‘मिसुरी’ने टोकियोच्या उपसागरात नांगर टाकला. मोठ्या विमानवाहू नौकांचा मुख्य ताफा मात्र खुल्या समुद्रातच ठेवण्यात आला, कारण दगाफटका झालाच तर विमाने हवेत न्यायला त्यांना मोकळे पाणी हवे होते.

आतल्या नौकांमध्ये ‘वेस्ट व्हर्जिनिया’ ही अमेरिकी युद्धनौका होती. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरमध्ये जपानी टॉर्पेडोंनी ती बुडवली, त्यात तिच्यावरील शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढे तिला तळातून वर काढून दुरुस्त केले गेले आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधील सुरिगाओच्या सामुद्रधुनीत ती लढलीही. ब्रिटिश पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल ब्रूस फ्रेझर ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ ही युद्धनौका घेऊन आले होते. जवळच योकोसुका येथे ‘नागातो’ ही जपानची तरंगत उरलेली एकमेव मोठी युद्धनौका निकामी अवस्थेत पडून होती.

‘मिसुरी’च्या डेकवर काचेच्या चौकटीत एक जुना ध्वज लावला होता. १८५३ मध्ये अमेरिकी नौदलाचे कमोडोर मॅथ्यू पेरी जपानला बंदरे खुली करायला भाग पाडण्यासाठी चार जहाजे घेऊन त्याच्या दारात येऊन थडकले, तेव्हाचा हा ३१ ताऱ्यांचा अमेरिकी ध्वज खास या दिवसासाठी विमानाने आणवला होता. कापड इतके जीर्ण होते की एका बाजूने अस्तर शिवून ते सांभाळले होते, म्हणून ध्वजाची मागची बाजू दर्शनी ठेवावी लागली. जपानी प्रतिनिधींना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ते अकरा जण ‘लॅन्सडाउन’ या विनाशिकेतून आले. परराष्ट्रमंत्री मामोरू शिगेमित्सू यांचा एक पाय १९३२ मध्ये शांघायमधील बॉम्बस्फोटात गेला होता. शिडी चढताना कृत्रिम पाय आणि काठी यांवर तोल सांभाळत ते सावकाश वर आले. सैन्याच्या वतीने जनरल योशिजिरो उमेझू यांनी सही केली. दोस्तराष्ट्रांचे सर्वोच्च सेनापती जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या मागे अमेरिकेचे वेनराइट आणि ब्रिटनचे पर्सिव्हल हे दोन सेनानी उभे होते. युद्धकैदेत झिजलेले त्यांचे देह गणवेशातही लपत नव्हते. पर्सिव्हल यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या स्वाधीन केले, तेव्हा कैद झालेल्यांत हजारो भारतीय जवान होते. तरी टेबलावरच्या दस्तऐवजात भारताच्या नावे ओळ नव्हती. ब्रिटनसाठी फ्रेझर यांनी सही केली आणि भारतही त्यातच गृहीत धरला गेला. ही उणीव आपण नोंदवायलाच हवी.

कॅनडाचे प्रतिनिधी कर्नल कॉसग्रेव्ह यांनी जपानी प्रतीवर एक ओळ खाली सही केली, आणि त्यामुळे पुढच्यांच्या सह्याही सरकल्या. मॅकआर्थर यांचे चीफ ऑफ स्टाफ जनरल सदरलँड यांनी सह्यांखालची देशांची छापील नावे खोडून हाताने दुरुस्ती केली. सुमारे तेवीस मिनिटांत सोहळा आटोपला आणि लगेच शेकडो विमाने ताफ्यावरून गेली.

त्या गर्दीतली एक नौका चित्रणात क्वचितच दिसते. ‘बेनेव्होलन्स’ ही रुग्णालय नौका २९ ऑगस्टलाच आत आली होती. सह्यांची वाट न पाहता त्याच संध्याकाळी सुटकेसाठीच्या होड्या ओमोरी येथील युद्धकैद्यांच्या छावणीच्या किनाऱ्याकडे निघाल्या. त्यांना पाहून काही कैद्यांनी सरळ पाण्यात उड्या घेतल्या आणि ते होड्यांकडे पोहत गेले. सुटलेल्यांना तपासणीसाठी आणि उपचारांसाठी ‘बेनेव्होलन्स’वर नेण्यात आले. दस्तऐवजावर पहिली सही होण्याच्या चार दिवस आधीच या नौकेचे काम सुरू झाले होते.