खिळे, रॉकेट आणि घुबड

(दृश्य: दमास्कसहून घाट उतरून बैरूतकडे येणारा रस्ता)

याच रस्त्यावरच्या शेअर टॅक्सीत सीरियन लेखिका गादा अल-सम्मान यांची ‘बैरूत 75’ ही कादंबरी सुरू होते. काळ्या कपड्यांतल्या रडणाऱ्या बायका, आणि त्यांच्या सोबतीनं नशीब काढायला निघालेले फराह आणि यास्मिना. शेवटी फराह वेड्यांच्या इस्पितळातून पळतो, तिथली पाटी काढतो आणि शहराच्या वेशीवर नेऊन लावतो. कादंबरी 1975 सालची. त्याच एप्रिलमध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली.

गादा मूळच्या दमास्कसच्या, जन्म 1942चा. आई लहानपणीच गेली. दमास्कस विद्यापीठाचे प्रमुख असलेल्या वडिलांनी वाढवलं. 1962 साली पहिला कथासंग्रह आला, मग बैरूतमध्ये एम.ए. आणि वृत्तपत्रांतली नोकरी. परवानगीविना देश सोडला म्हणून 1966 साली सीरियात त्यांच्या गैरहजेरीत तीन महिन्यांची शिक्षा झाली. वडीलही त्याच वर्षी गेले.

(दृश्य: बैरूतमधलं हॉलिडे इन हॉटेल, गोळ्यांनी चाळण झालेली भिंत)

ही 26 मजली इमारत. उंच हॉटेल ज्याच्या हाती, त्याच्या बंदुकीच्या टप्प्यात आसपासचे रस्ते. म्हणून 1975च्या ऑक्टोबरपासून या हॉटेलांसाठी लढाई जुंपली आणि खालच्या गल्ल्यांतली माणसं घरात कोंडली गेली. गादांच्या ‘बैरूतची दुःस्वप्नं’ या कादंबरीतली पत्रकार अशाच घरात अडकली आहे. दाराबाहेर पाऊल टाकलं तर नेमबाज टिपणार. जवळच्या दुकानात पिंजऱ्यातले प्राणी उपाशी आहेत. कादंबरीला प्रकरणं नाहीत. क्रमांक घातलेली दुःस्वप्नं आहेत, काही जेमतेम काही ओळींची.

(दृश्य: छापखाना, खिळ्यांची केस, जुळाऱ्याची बोटं)

ही कादंबरी त्यांनी छापखान्यातल्या कामगारांना अर्पण केली, रॉकेटांच्या माऱ्यात खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवणाऱ्यांना, ज्यांचं नाव पुस्तकावर कधीच येत नाही. ते काम काय असतं ते या बोटांकडे बघून कळेल. अरबी अक्षरं 28, पण बहुतेकांची रूपं चार: सुटं, शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं. सहा अक्षरं पुढच्या अक्षराला जोडलीच जात नाहीत. त्यात जोडरूपं आली की केसमधले, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतले, खण शेकड्यांत जातात. प्रत्येक खिळा उलटा, आरशातल्यासारखा. मधल्या रूपाच्या जागी शेवटचं बसलं तर शब्द तिथेच तुटतो. दोन खिळ्यांत केसाएवढी फट राहिली तरी सलग रेघ छापताना तुटक उमटते. म्हणून ओळ स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, घट्ट आवळायची, गॅलीवर, म्हणजे लांब ताटलीवर, उतरवायची, प्रुफ काढायचं, चिमट्यानं चुकीचा खिळा उपसायचा. हे सगळं वीज जात असताना आणि खिडक्या हादरत असताना. लेखकाच्या पानामागची ही मजुरी फार थोड्या लेखकांनी अर्पणपत्रिकेत आणली आहे.

(दृश्य: पुस्तकांच्या पाठी, घुबडाचं बोधचिन्ह)

1977 साली गादांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. अरब जगातही घुबड अशुभच मानतात. त्यांनी तेच बोधचिन्ह केलं. मजकूर कुणी कापायचा नाही, आवृत्ती कधी काढायची ते आपण ठरवायचं. आपल्या संग्रहांच्या मालिकेला त्यांनी ‘अपूर्ण वाङ्मय’ असं नाव दिलं. ‘अल-हवादिस’ साप्ताहिकातला त्यांचा स्तंभही वाचकप्रिय होता.

(दृश्य: पॅरिस, सीनचा काठ)

1980च्या दशकात त्या पॅरिसला गेल्या. 1992 साली त्यांनी पॅलेस्टिनी लेखक गस्सान कनफानींची त्यांना आलेली प्रेमपत्रं छापली. टीकेची झोड उठली, आणि पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्याही निघाल्या.