पानं टाकली, तोंड मिटलं

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर, सिडकोतल्या एका घराचा हॉल. रात्रीचे पावणेनऊ. दार सताड उघडं. सतरंजीवर जुनं ब्लँकेट अंथरलं जातंय.)

मराठवाड्यात ‘पत्ते खेळायला चाललोय’ म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे तिर्रटचा अड्डा उभा राहतो. छापा, जप्त रोकड, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. म्हणून इथे पोकर खेळणाऱ्याला नाव दोन ठिकाणी कमवावं लागतं, डावात आणि गल्लीत. आणि गल्लीतलं नाव पहिलं पान वाटण्याआधीच सांभाळायचं असतं.

आपल्याकडच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं 13वं कलम निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतं. पोकर त्यात बसतं का, यावर न्यायालयांचं एकमत नाही. 1887 चाच कायदा असलेल्या गुजरातेत उच्च न्यायालयाने 2017 मध्ये ते जुगारात धरलं. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये रमी आणि पोकर कौशल्याचे खेळ ठरवले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यात कौशल्य की नशीब हा फरकच ठेवला नाही. या सगळ्यात घरच्या मंडळीने धरावी अशी वाट एकच: पैसा अजिबात नको. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, फक्त गुणांच्या. अड्ड्यावर जागामालक डावातून स्वतःचा वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. इथे नाल नाही. चहा-पोह्यांची वर्गणी खेळाआधीच जमा होते, सगळ्यांची सारखी. ‘जिंकेल तो चहा पाजेल’ हेही नको. आज चहा, पुढच्या शनिवारी जेवण, आणि त्यानंतर कुणीतरी पाकीट काढतंच.

(दृश्य: चिप्सच्या रांगा. एक हात वीस-वीसच्या थप्प्या लावतोय.)

आठ भिडू असतील तर तीनशे चिप्सचा एक संच पुरतो. प्रत्येकाला 25 च्या बारा, 100 च्या बारा, 500 च्या पाच आणि 1000 ची एक. मोजा: 5000 होतात, आणि माणशी तीस चिप्स. ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांनी सक्तीने लावायच्या पैजा, एक लहान, एक मोठी. ते 25-50 पासून सुरू करायचे आणि दर पंधरा मिनिटांनी वाढवायचे: 50-100, 75-150, 100-200, 150-300. पाचवा टप्पा संपला की चहा, आणि त्याच वेळी 25 च्या सगळ्या चिप्स बदलून काढून घ्यायच्या. पुष्कळजण त्या 100-200 लाच काढतात. मग पुढचा 150 चा ब्लाइंड भरायला सुट्टेच उरत नाहीत, आणि ‘तू मला पन्नास देणं लागतोस’ अशी तोंडी उधारी सुरू होते. डावातली उधारी, मग ती गुणांची का असेना, मैत्रीत खडा टाकते. पुढे 200-400, 300-600 असं चढत दहाव्या टप्प्याला 1000-2000 होतं. डावात एकूण 40,000 गुणांच्या चिप्स. मोठा ब्लाइंड त्याच्या विसाव्या हिश्शावर पोचला की खेळ फार रेंगाळत नाही. नऊला बसलेली मंडळी चहाची दहा मिनिटं धरून पावणेबाराच्या सुमारास उठते. वाळूजला पहिल्या पाळीला जाणारा पहाटे उठणार असतो. त्याला वेळेवर सोडणारा यजमान पुढच्या वेळीही त्याला बोलावू शकतो.

मोठ्या किमतीच्या चिप्स नेहमी पुढे, दिसतील अशा. हजाराच्या चिप्स थप्पीमागे दडवल्या आणि समोरच्याने कमी समजून सर्व लावलं, तर नियमाने तुम्ही बरोबर ठराल, पण माणसाच्या मनातून उतराल.

एप्रिल-मेमध्ये कूलरची दिशा बघून बसा. त्याच्या झोताने पान उलटलं की डाव बिघडतो, म्हणून पानांवर एखादी चिप किंवा खडा ठेवायची सवय लावा. सनमायकाच्या टेबलावर पान घसरतं आणि उचलताना नखाने उघडं पडतं. ब्लँकेटवर सुती चादर घातली की दोन्ही त्रास जातात. पत्ते पूर्ण प्लास्टिकचे घ्या. कागदी पत्त्याला भज्याचं तेल लागलं की डाग पडतो, डाग पडला की ते पान ओळखू येतं, आणि मग जिंकणाऱ्याकडे सगळे वेगळ्याच नजरेने बघायला लागतात. भजी चहाच्या सुट्टीत, हात धुऊन.

(दृश्य: पत्ते पिसणारे हात, अगदी जवळून.)

आपण लहानपणापासून हातावर पत्ते पिसतो. त्याने पानं नीट मिसळत नाहीत, आणि तळचं पान शेजाऱ्याला दिसतं. आधी सगळी पानं पालथी पसरून दोन्ही हातांनी ढवळा. मग दोन भाग करून, कडा एकमेकींत सोडत सात वेळा पिसा. 52 पानं मिसळायला साधारण तेवढं लागतं. उजवीकडच्याने कापायचं आणि तळाला जोकर लावायचा, म्हणजे शेवटचं पान झाकलं जातं. दोन रंगांचे दोन जोड ठेवले तर एक वाटेपर्यंत दुसरा पिसून होतो. हे सगळं एक माणूस दर वेळी न कंटाळता करत असेल, तर महिन्याभरात त्याच्या वाटण्यावर कुणी शंका घेत नाही.

आता ज्या जागी नाव खरोखर बनतं किंवा जातं, ती बघा.

(दृश्य: चादरीवर तीन पानं उघडी: इस्पिक सत्ती, बदाम सत्ती, किलवर दुर्री. डाव्या कोपऱ्यात एक जण कपाळावर हात मारून घेतो.)

त्याने फ्लॉपच्या, म्हणजे मधली ही पहिली तीन पानं उघडण्याच्या, आधीच हातातली दोन पानं टाकून डाव सोडला होता. त्यांत एक सत्ती होती. तो एक शब्द बोललेला नाही. पण त्या हाताने सगळ्यांना सांगून टाकलं की उरलेल्या दोन सत्त्यांपैकी एक आता खेळात नाही. समोर एक भिडू ‘माझ्याकडे सत्ती आहे’ असं भासवत 600 लावून बसलाय. त्याची थाप आता निम्म्याने पातळ झाली. नुकसान झालं ते थाप लावून गप्प बसलेल्या त्या भिडूचं, आणि त्याला भांडताही येत नाही, कारण भांडला तर स्वतःची थाप उघडी पडते. म्हणूनच पानं टाकली की तोंड मिटायचं, कपाळ आणि भुवयाही. डाव पुरता संपला, पत्ते गोळा झाले, की मग काय हळहळायचं ते हळहळा.

याच्या शेजारचा नियम भाषेचा. नांदेडच्या मंडळीत तेलुगू असते, जालन्यात मारवाडी, संभाजीनगरात दखनी आणि मराठी तर एकाच वाक्यात. एरवी हे किती गोड वाटतं! पण डाव चालू असताना बसलेल्या सगळ्यांना कळेल तीच भाषा. जगभरच्या स्पर्धांतही हाच दंडक आहे. दोघं घरच्या बोलीत जेवणाबद्दलच बोलत असतील. तिसऱ्याला ते पानांबद्दल वाटतं, आणि वाटलं की संपलं.

पैज लावताना आकडा आधी तोंडाने सांगावा. ‘हे तुझे दोनशे... आणि वर पाचशे’ अशी दोन हप्त्यांत लावलेली पैज धरत नाहीत, ती फक्त दोनशेची कॉल, म्हणजे समोरच्याच्या पैजेशी नुसती बरोबरी. कारण पहिल्या हप्त्यावर समोरच्याचा चेहरा वाचून दुसरा ठरवता येतो. समोर 50 असताना न बोलता 500 ची एकच चिप टाकली, तर तीही कॉलच. 450 परत घ्यायचे. नवख्याकडून हे हमखास होतं. तेव्हा ‘नियम माहीत नाही का?’ असं न ओरडता चिप्स हळूच मागे सरकवून पुढचा डाव वाटणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

शेवटी पानं दाखवायची वेळ आली की ज्याने शेवटची पैज लावली त्याने आधी दाखवायची. हातात जिंकलेली पानं असताना दहा सेकंद चेहरा पाडून बसायचं आणि मग एकेक पान उलटायचं, याला स्लो रोल म्हणतात. कुठल्याही नियमात अडत नाही. तरी हे दोनदा केलेल्या माणसाला तिसरा फोन येत नाही.

हरल्यावरचं बोलणं त्याहून महत्त्वाचं. एक्क्यांची जोडी 221 डावांत सरासरी एकदा येते. ती घेऊन सर्व लावावं, समोर राजांची जोडी निघावी, आणि रिव्हरला, म्हणजे मधल्या पाचव्या आणि शेवटच्या पानाला, तिसरा राजा पडावा. राग येतोच. पण हिशोब असा की राजे शंभरात साधारण 18 वेळा जिंकतात. फ्लॉपवर एकाच चिन्हाची, समजा बदामाची, चार पानं जमलेल्याला पाचवं मिळायची संधी 35 टक्के असते. म्हणजे समोरच्याने गाढवपणा केला असं नाही; जे अधूनमधून होणारच होतं ते आज झालं. आणि समजा त्याने खरोखर चूक केली, तरी ती सगळ्यांसमोर समजावून सांगू नका. तो एकतर सुधारेल किंवा यायचं बंद करेल. चिप्स मोजून सरकवा, ‘छान खेळलास’ म्हणा, पाणी पिऊन या.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, दोस्ताची. शेवटचे तिघं उरलेत. त्यांत दोघं कॉलेजपासूनचे मित्र. एकाकडे न हरणारी पानं आहेत आणि तो मित्राला वाचवायला नुसतं चेक करतो, म्हणजे पैज न लावता पुढे जाऊ देतो. मनात कपट नसतं, माया असते. पण तिसऱ्याच्या विरुद्ध दोघं झाले, आणि स्पर्धेत यासाठी शिक्षा होते. मित्राची चिप न् चिप घ्या. दोन माणसं एकमेकांशी पूर्ण ताकदीने खेळतात हे सगळ्यांना दिसतं, तेव्हाच त्यांची मैत्री इतरांना खुपत नाही.

(दृश्य: रविवार सकाळ. कटिंग चहा, वही, दोघंजण.)

मैत्री वाढते ती इथे. कालचा एक डाव वहीत मांडायचा: कोण कुठे बसला होता, कुणापुढे किती चिप्स, कोणत्या पानावर किती लावले. सांगताना शेवट लपवायचा. ‘टर्नला (मधल्या चौथ्या पानावर) समोरून 1200 आले, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) 1800, तू काय करशील?’ असं विचारायचं आणि ऐकायचं. शेवट आधी सांगितला की ऐकणारा निकालाच्या बाजूने बोलतो, निर्णयाच्या नाही. वहीत स्वतःच्या हरलेल्या डावांसोबत जिंकलेलेही ठेवा. चूक करूनही जिंकलेले डाव सगळ्यात जास्त शिकवतात. आणि दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेला डाव तिसऱ्याच्या कानावर घालू नका.

(दृश्य: शनिवारी रात्री, पुन्हा तोच हॉल. साडेअकरा.)

शेवटचे दोघं हात मिळवतात. वहीत गुण लिहिले जातात: पहिल्याला आठ, दुसऱ्याला सात, असे उतरत शेवटच्याला एक. सर्वांत आधी बाद झालेला भिडू घरी गेलेला नाही. तासाभरापासून तोच वाटतोय. आता दोन्ही जोड सगळ्यांसमोर मोजतोय. तांबडा, 52. निळा, 51. ब्लँकेट झटकलं जातं, आणि उशीखालून चौकट तिर्री निघते.

“पुढच्या शनिवारी कुणाकडे?”

“माझ्याकडे. पण कूलर बंद पडलाय, पंख्यावर भागवावं लागेल.”

“भागवू की. खडे घेऊन येतो.”