पदकं दोन, माणसं तीन

व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, म्हटलं की आपल्याला यशवंत घाडगे आठवतात. माणगावला त्यांचा पुतळा आहे. आज त्याच पदकाची दुसरी हकिकत सांगतो. विमानात तिघं होते, तिघंही गेले, आणि पदकं मिळाली दोघांना.

१० मे १९४०, शुक्रवार. पहाटे जर्मन सैनिक ग्लायडरमधून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांतून, बेल्जियममध्ये उतरले आणि त्यांनी आल्बर्ट कालव्यावरचे फ्रूनहोवेन आणि फेल्डवेझेल्ट हे दोन पूल शाबूत ताब्यात घेतले. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टकडून येणारं जर्मन सैन्य याच पुलांवरून बेल्जियममध्ये घुसायला लागलं. शनिवारी बेल्जियमच्याच नऊ विमानांनी हल्ला करून पाहिला. त्यातली सहा पडली आणि पूल तसेच राहिले.

ती विमानं होती फेअरी बॅटल. या विमानाबद्दल थोडं सांगायलाच हवं. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला होतं ते मर्लिन इंजिन यालाही होतं. पण स्पिटफायरमध्ये एक माणूस बसायचा. इथे त्याच एका इंजिनाने तीन माणसं आणि अडीचशे पौंडांचे चार बॉम्ब ओढायचे. वेग जेमतेम ताशी ४०० किलोमीटर. पुढे मारा करायला पंखात एक मशीनगन, मागे गनरच्या हातात एक. १९३६ साली ते पहिल्यांदा उडालं तेव्हा आधुनिक होतं. चार वर्षांत ते इतकं मागे पडलं की दिवसाउजेडी ते शत्रूवर पाठवणं म्हणजे आतल्या माणसांना मरायला पाठवणं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रविवारी, १२ मेला, ब्रिटिश हवाई दलाच्या १२ नंबरच्या स्क्वाड्रनची पाळी आली. त्यांच्याकडेही हीच बॅटल विमानं होती. फ्रान्समधल्या आमिफोंतेनच्या तळावर कोण जाणार असं विचारलं, तर सगळेच पुढे आले. मग ड्यूटीच्या यादीत ज्यांचा नंबर होता तेच गेले. सहा विमानं ठरली होती, पाच उडाली. दोन फ्रूनहोवेनला गेली, तीन फेल्डवेझेल्टला. या तीन विमानांचा म्होरक्या वैमानिक डोनाल्ड गार्लंड, आयर्लंडमधल्या विकलोचा, वय २१. त्याच्याच विमानात वाट दाखवणारा ऑब्झर्व्हर सार्जंट थॉमस ग्रे, २५ वर्षांचा. आणि मागे वायरलेस आणि मशीनगन सांभाळणारा लॉरेन्स रेनॉल्ड्स, २० वर्षांचा, हुद्दा लीडिंग एअरक्राफ्टमन.

फ्रूनहोवेनच्या विमानांनी उंचावरून सूर मारला. गार्लंड ढगांच्या खालून, कमी उंचीवरून गेला. पुलाभोवती तोफांचं कडं तयारच होतं. पुलाच्या पश्चिम टोकाला थोडं नुकसान झालं. तिन्ही विमानं पडली. त्यातल्या एकाचा वैमानिक मॅकिन्टॉश जिवंत हाती लागला. त्याला एका जर्मन अधिकाऱ्याने विचारलं म्हणतात, की पूल आम्ही शुक्रवारी घेतला, तोफा लावायला तुम्ही आम्हाला शुक्रवार दिला, शनिवार दिला, आणि सगळं सज्ज झाल्यावर रविवारी तीन विमानं घेऊन येता? हा प्रश्न विचारायला हवा होता मॅकिन्टॉशला नव्हे, त्याच्या वरिष्ठांना. दोनच दिवसांनी, १४ तारखेला, फ्रान्समधल्या सेदानच्या पुलांवर सत्तरेक विमानं पाठवली आणि त्यातली चाळीसच्या आसपास गेली.

११ जूनच्या राजपत्रात गार्लंड आणि ग्रे यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. गार्लंडचं नेतृत्व, ग्रेने शांत डोक्याने दाखवलेली वाट, दोघं परत आले नाहीत, असं सगळं त्यात आहे. रेनॉल्ड्सचं नाव नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे लढाईतल्या शौर्यासाठी मेलेल्या माणसाला एक तर व्हिक्टोरिया क्रॉस देता यायचा, नाहीतर खलित्यात नुसता उल्लेख. मधलं एकही पदक मरणोत्तर मिळत नसे. म्हणजे रेनॉल्ड्सला खालचं पदक देऊन सन्मान करण्याची वाटच नव्हती. आणि वरचं त्याला दिलं नाही.

का दिलं नाही? वैमानिकाने निर्णय घेतला, ऑब्झर्व्हरने वाट काढली, गनर नुसता बरोबर होता, असा त्यामागचा हिशेब दिसतो. मला तो पटत नाही. गनर मागे तोंड करून बसतो. समोर काय येतंय ते त्याला दिसत नाही, विमान वळवणं त्याच्या हातात नाही. तरी तो बसतो आणि बंदूक धरून ठेवतो. याला धैर्य म्हणायचं नाही तर कशाला? आणखी एक गोष्ट मनाला लागते. त्याच मे महिन्याच्या अखेरीस विमानातून लढणाऱ्या प्रत्येकाला किमान सार्जंटचा हुद्दा द्यायचं ठरलं. रेनॉल्ड्सचं ते दोन आठवड्यांनी हुकलं.

गार्लंडच्या घराची कथा तर ऐकवत नाही. त्याचे तिन्ही भाऊ हवाई दलातच होते. युद्ध संपेपर्यंत आईबापांचे चारही मुलगे गेले.

पुढे ब्रिटिश हवाई दलाने आपल्या व्हीसी-१० विमानांना या पदकाच्या मानकऱ्यांची नावं दिली. एकावर गार्लंड आणि ग्रे, अशी दोन नावं होती.

बेल्जियममध्ये लूव्हेनजवळ हेव्हर्लीला युद्धस्मशानभूमी आहे. तिघंही तिथेच आहेत. तिथे मात्र रेनॉल्ड्सचं नाव कोरलेलं आहे, आणि त्याचा दगड बाकीच्या दोघांच्या दगडांइतकाच उंच आहे.