घरच्या आहेराची तारीख

मंडळी, आपल्याकडे एक शब्द फार चाललाय, वाचाळवीर. मजा अशी की हा शब्द वापरणारा पुढारी स्वतःला त्यात कधीच मोजत नाही. पक्षातला कुणी काहीतरी बरळला की हे साहेब लगेच बूमसमोर चेहरा गंभीर करून "बोलताना तारतम्य बाळगायला हवं" सांगणार, पेपरवाले "घरचा आहेर" म्हणून छापणार, आणि आठवड्याभरात सभेत टाळ्या पडायला लागल्या की हेच साहेब समोरच्याच्या घरादारापर्यंत जाणार. विचारलं की उत्तर पाठ आहे, माझ्या बोलण्याचा विपर्यास केला.

आता हा दुटप्पीपणा काय तुम्हाला नवा नाही. मला सांगायचंय ते वेगळंच, हा आहेर येतो कधी ते बघा.

२०१७ चा डिसेंबर. गुजरातचं पहिल्या टप्प्याचं मतदान ९ तारखेला, आणि ७ तारखेला काँग्रेसचे मणिशंकर अय्यर पंतप्रधानांना "नीच" म्हणून बसले. राहुल गांधींनी माफी मागायला सांगितलं, त्याच रात्री काँग्रेसनं सस्पेंड केलं. छान केलं. पण ऑगस्ट २०१८ मध्ये सस्पेन्शन मागे! शब्द तोच, माणूस तोच, मतदान मात्र केव्हाच उरकलेलं.

हसू नका, पलीकडे पण तेच. मे २०१९, शेवटचा टप्पा १९ तारखेला, तीन दिवस आधी भाजपच्या उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर गोडसेला देशभक्त म्हणाल्या. मोदी म्हणाले मनापासून कधीच माफ करू शकणार नाही, पक्षानं शिस्तपालन समितीला दहा दिवस दिले. त्या निवडून आल्या आणि नोव्हेंबरमध्ये संरक्षण खात्याच्या सल्लागार समितीत त्यांचं नाव! मग लोकसभेत परत गोडसेवरून बोलल्या तेव्हा ते काढलं. म्हणजे पहिल्या वेळचा राग सहा महिन्यांत शांत झाला होता म्हणायचा.

आणि निवडणूक जवळ नसेल तर? एप्रिल २०१३, राज्यात दुष्काळ, आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूरच्या सभेत धरणातल्या पाण्यावरून जे बोलले ते इथं उच्चारत नाही, तुम्हाला पाठच आहे. माफी झाली, कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी एक दिवस आत्मक्लेश झाला, खुर्ची जिथल्या तिथे.

जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मंत्र्याचं बोलणं सरकारच्या माथी मारता येत नाही. न्या. नागरत्ना यांनी वेगळ्या निकालपत्रात म्हटलं की आपल्या लोकांच्या तोंडाला आवर घालायचं काम पक्षांचं, त्यांनी आचारसंहिता करावी. म्हणजे लगाम कुणाच्या हातात आहे हे कोर्टालापण दिसतंय, आणि पक्ष आपले "ते त्यांचं वैयक्तिक मत" म्हणून मोकळे.

मगाशी एक चिठ्ठी आलीय, मग सहकाऱ्यानं काय गप्प बसायचं का? नाही हो, बोलावंच की! फक्त नुसतं "तारतम्य" म्हणू नये, कोणतं वाक्य चूक आणि का ते सांगावं, आणि आपल्या पक्षाचा सगळ्यात मोठा नेता तेच बोलेल त्या दिवशी पण बोलावं, भले मतदानाला चार वर्षं असोत. असा कुणी आठवतोय का? चिठ्ठीवर नाव लिहून पाठवा, मी थांबतो.