इमारतीचा दहावा उन्हाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा सहज 45 अंशांपर्यंत जातो. दुपारी दोनला रस्ते ओस पडतात आणि ऑफिसांतले एसी फुल्ल चालू असतात. हायवेवरच्या नव्या इमारतींकडे जरा निरखून बघा. दर्शनी भागाला काच, काचेआड ओढून घेतलेले पडदे, आणि पडद्याआड भर दुपारी ट्यूबलाइट. उजेडासाठी काच लावली, तिच्यातून ऊन आलं, उन्हापायी पडदा आला, पडद्यापायी दिवा. एवढं करून प्रवेशदारी ‘हरित इमारत’ अशी चकचकीत पाटी असू शकते.

पाटी खोटी नसते. फक्त ती बहुतेकदा इमारत नवी असतानाची असते, नकाशा आणि यंत्रसामग्री पाहून मिळालेली. कॅनडातल्या संशोधकांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या अशा 100 प्रमाणित इमारतींचा प्रत्यक्ष ऊर्जावापर तपासला. सरासरीनं त्या इतरांपेक्षा 18 ते 39 टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या. पण त्यांतल्या 28 ते 35 टक्के इमारती साध्या इमारतींपेक्षाही जास्त खात होत्या! आणि वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र म्हणजे कमी वापर, असंही दिसलं नाही.

वर्षं सरतात तसं काय होतं? गच्चीवरच्या सोलर पॅनलवर एप्रिल-मेची धूळ बसते. ती बोअरच्या जड पाण्यानं धुतली, तर पाणी वाळल्यावर काचेवर पांढरे डाग राहतात. तेच पाणी एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये क्षार धरतं, आणि मग तेवढ्याच गारव्यासाठी जास्त वीज लागते. माणूस आला की दिवा लावणारा सेन्सर बिघडतो, कुणीतरी तो बायपास करतं, दिवे रात्रभर जळतात. देखभालीचा ठेकेदार बदलतो आणि एसीच्या कंट्रोलचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. कुणाची वाईट नियत नसते यात. ते काम कुणाच्या नावावरच नसतं.

न बिघडणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्या स्वस्त आहेत. खिडकीवरचा खोल छज्जा कधी बंद पडत नाही. उत्तरेकडच्या उजेडाला एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, लागत नाही. गच्चीवर पांढरी चायना मोझॅक (चिनी मातीच्या टाइल्सचे तुकडे) असेल तर वरचा मजला कमी तापतो. अधूनमधून झाडून काढली की झालं. माझ्या मते खान्देशात पहिला पैसा इथे घालावा, यंत्रांवर नंतर. यंत्रांचं वावडं नाही. हैदराबादला इन्फोसिसनं एकाच इमारतीच्या अर्ध्या भागात नेहमीचा एसी ठेवला आणि अर्ध्या भागात स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी फिरवलं. मोजल्यावर दुसऱ्या भागाच्या एसीला सुमारे 34 टक्के कमी वीज लागली. यात ‘मोजल्यावर’ हा शब्द महत्त्वाचा.

आपल्याकडची धाब्याची घरं मातीच्या जाड भिंतींमुळे आणि छतावरच्या मातीच्या थरामुळे गार राहत. पण पाऊस लागण्याआधी धाब्यावर नवी माती टाकून चोपावी लागे. एखादं वर्ष चुकलं की घर गळायचं. तो त्रास पुन्हा कुणाला नकोय, मलाही नको. मात्र माती कुणी टाकायची, हे त्या घरात ठरलेलं असे.

ऑफिसचं खरं रूप तपासणं अवघड नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं ऑफिसांसाठीचं तारांकन 2009 पासून प्रत्यक्ष वापरावरच दिलं जातं, आणि तेही 5 वर्षांपुरतं. हिशेब साधा: बारा महिन्यांच्या बिलांतली युनिटं, भागिले क्षेत्रफळ. 1,000 चौरस मीटरच्या ऑफिसनं वर्षात 1,50,000 युनिटं वापरली, तर आकडा 150. गच्चीवर सोलर असेल तर बिलातला आकडा फसवा असतो. सोलरची जी युनिटं ऑफिसातच खर्च झाली, तीही मिळवायची. मग अकाउंट्सच्या कपाटातून पहिल्या वर्षाची फाइल काढायला सांगा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.