प्रश्न टाकला, उत्तरच नाही! असं का होतं?

नमस्कार मंडळी!

"चार दिवस झाले प्रश्न टाकून, कुणी ढुंकूनही बघितलं नाही. एवढा कसला माज?" प्रोग्रामिंग शिकायला लागलेल्यांची ही तक्रार मला कायम ऐकू येते. माज असतो काहींना, नाही असं नाही. पण उत्तर न मिळण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. आज ते स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या उदाहरणावरून बघू.

जोएल स्पोल्स्की आणि जेफ ॲटवुड यांनी २००८ मध्ये ही साइट सुरू केली. २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीनं ती १.८ अब्ज डॉलरला विकत घेतली. त्यातला छदामही उत्तरं लिहिणाऱ्यांना मिळाला नाही, मिळायचाही नव्हता. तिथे उत्तर देणारा माणूस ऑफिसात बिल्ड होईपर्यंत, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होईपर्यंत, पाच मिनिटं डोकावलेला असतो. समोर प्रश्नांची रांग. त्यातला कुठला उचलायचा, हे तो काही सेकंदांत ठरवतो. तुमच्या प्रश्नाला त्यानं "नाही" म्हटलेलं नसतं, तो फक्त पुढे गेलेला असतो. तुम्हाला मात्र दोन्ही सारखंच दिसतं.

आता एक नमुना बघा.

(स्क्रीनवर: "सर, एक्सेलमध्ये मराठी नीट दिसत नाही. अर्जंट आहे, प्लीज हेल्प." खाली मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो.)

खरा प्रकार असा: पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) बनवली, त्यात मराठी नावं आहेत, एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली आणि नावांच्या जागी कचरा. आपल्याकडे हे कुणाला झालं नाही? पण या प्रश्नात पायथनचा उल्लेखच नाही. कोड नाही. फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत, शोधताही येत नाहीत. उत्तर द्यायचं तर आधी चार उलटप्रश्न विचारायचे आणि हा गडी परत येईल याची वाट बघायची. कोण करेल?

आणि गंमत म्हणजे उत्तर त्या कचऱ्यातच आहे.

(स्क्रीनवर "मोहन" आणि त्याखाली बिघडलेली बारा चिन्हं.)

नीट बघा. दर तीन चिन्हांमागे एकदा, डोक्यावर तिरकी रेघ असलेला तोच रोमन ए येतोय. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम तोच असतो. म, काना-मात्रा, ह, न: चार चिन्हं, बारा बाइट. म्हणजे फाइल ठणठणीत आहे, एक्सेल ती चुकीच्या पद्धतीनं, एकेक बाइट वेगळं अक्षर समजून वाचतंय. फाइल लिहिताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्या, सुरुवातीला तीन बाइटची खूण पडते आणि एक्सेलला कळतं. संपलं.

ती बारा चिन्हं जशीच्या तशी चिकटवली असती, सोबत फाइल लिहिणारी कोडची ओळ दिली असती, तर जाणकारानं उभ्या उभ्या उत्तर दिलं असतं. प्रश्न तोच, पण उत्तराची किंमत अर्ध्या तासावरून अर्ध्या मिनिटावर आली. मोबदल्यात फक्त समाधान मिळत असेल, तर माणूस ही किंमत बघणारच ना?

"कुणाला पायथन येतं का?" एवढंच विचारणाऱ्यांचंही तेच. "हो" म्हणणारा पुढचं सगळं ओझं न बघता अंगावर घेतो. म्हणून ज्यांना येतं, तेच गप्प बसतात.

पण हे सगळं ऐकून "म्हणजे विचारणाराच चुकला" असं समजू नका, कारण उत्तम लिहिलेले प्रश्नही पडून राहतात. इथे मला साइटच्या रचनेतच खोट दिसते. उत्तराला एक पसंती मिळाली की ते लिहिणाऱ्याला साइटवरचे १० गुण, विचारणाऱ्यानं ते स्वीकारलं की १५. लूप कसा लिहायचा याला पाच मिनिटांत उत्तर देणाऱ्यालाही तेवढेच, आणि रात्र जागून कुठल्याशा जुन्या प्रिंटर ड्रायव्हरचा बग शोधणाऱ्यालाही एका पसंतीमागे तेवढेच. वर सोप्या प्रश्नाला पसंती देणारे ढिगानं येतात, अवघड उत्तर बरोबर आहे की नाही हे कळणारेच मोजके. मग गर्दी कुठे होणार?

त्यावर बाउंटी नावाचा उपाय आहे. प्रश्न दोन दिवसांचा झाला की स्वतःचे किमान ५० गुण बक्षीस म्हणून लावायचे. सात दिवस प्रश्न ठळक दिसतो. उत्तर आलं नाही तरी गुण गेले ते गेले. आणि नवख्याकडे ५० गुण असतात कुठे? ज्याला जास्त गरज, त्याच्याच खिशात खडखडाट.

आणखी एक. तिथल्या हिशेबात "अनुत्तरित" म्हणजे फक्त उत्तर नसलेला प्रश्न नव्हे. उत्तर आहे, पण त्याला ना कुणी पसंती दिली ना विचारणाऱ्यानं ते स्वीकारलं, तर तोही अनुत्तरितच. म्हणजे कुणीतरी वेळ काढून लिहिलं, विचारणाऱ्याचं काम झालं, तो लॅपटॉप मिटून चहाला गेला. तिकडे उत्तर देणारा बघतोय, बरोबर होतं की चूक? असं दहा वेळा झालं की तोही येईनासा होतो.

याहून मला खटकतो तो "सुटलं, थँक्स" लिहून गायब होणारा. कसं सुटलं रे बाबा? तीन वर्षांनी तोच एरर घेऊन कुणीतरी शोधत येतो आणि त्याला ते दोन शब्द मिळतात. तिथे स्वतःच्या प्रश्नाला स्वतः उत्तर द्यायची मुभा आहे, दोन दिवसांनी ते स्वीकारताही येतं. तसं स्वीकारल्याचे गुण मिळत नाहीत, तरीही लिहा.

तुमचा एखादा प्रश्न असाच पडून असेल, तर तो जसा टाकला होता तसाच्या तसा कॉमेंटमध्ये चिकटवा. फोटो नको, मजकूर. त्यातले काही घेऊन पुढच्या व्हिडिओत आपण ते नव्यानं लिहून बघू.