पेन्सिलीनं लिहिलेला आकडा

नमस्कार श्रोतेहो.

मुद्राचित्राच्या, म्हणजे ठशावरून कागदावर छापून काढलेल्या चित्राच्या, खालच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला एक आकडा असतो. समजा, ७/५०. उजवीकडे चित्रकाराची सही. पुष्कळांना तो नुसता अनुक्रमांक वाटतो. मला मात्र तो चित्रकारानं दिलेला शब्द वाटतो : या चित्राच्या पन्नास प्रती निघाल्या, एक्कावन्नावी निघणार नाही.

ही मर्यादा मुळात धातूनंच घातलेली होती. ड्रायपॉइंट नावाच्या पद्धतीत चित्रकार टोकदार सुईनं थेट तांब्याच्या पत्र्यावर रेघ ओढतो. रेघेच्या कडेला तांब्याची बारीक, खरबरीत धार उठते. त्या धारेत शाई अडकते आणि कागदावर रेघ मखमलीसारखी, किंचित पसरलेली उमटते. पण प्रेसचा दाब प्रत्येक वेळी ती धार थोडी थोडी चेपत जातो. काही डझन प्रतींनंतर तीच रेघ कोरडी दिसू लागते. तिथं थांबण्यावाचून गत्यंतर नसे.

आता मूळ चित्र स्कॅन करून, रंगद्रव्याच्या शाईनं सुती कागदावर छापता येतं. इंकजेट प्रिंटरवरच्या अशा छपाईला १९९१ साली अमेरिकी मुद्रक जॅक डुगान यांनी ‘जिक्ले’ हे नाव दिलं. यात शंभरावी प्रत पहिलीइतकीच ताजी निघते. झिजायला काही नाहीच! म्हणजे इथं मर्यादा पाळायची ती केवळ चित्रकाराच्या शब्दावर.

आणि हा शब्द सर्वांत मोलाचा असतो तो आपापल्या मुलखात राहून चित्रं काढणाऱ्यांच्या बाबतीत. असा चित्रकार तिथलंच ऊन, तिथलीच माती, तिथल्याच माणसांची ठेवण रंगवतो. मूळ चित्र एका घरात जातं आणि ज्यांचं ते जग आहे, त्यांच्या नजरेला पुन्हा पडत नाही. पन्नास प्रती निघाल्या की ते पन्नास घरांत पोचतं. अशा चित्रकारामागं मोठी गॅलरी उभी नसते, त्याची पत म्हणजे त्याचा तो आकडा.

मी एकदा फसलो आहे. १०० प्रतींपैकी एक म्हणून घेतलेलं चित्र वर्षभरानं मला दुसऱ्या आकारात दिसलं, पुन्हा १०० प्रती. विक्रेता म्हणाला, “आकार वेगळा, म्हणजे आवृत्ती वेगळी.” मला ते आजही पटलेलं नाही. तेव्हापासून घेण्याआधी विचारतो : हे चित्र आणखी कुठल्या आकारात येणार आहे का? ‘ए. पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहिलेल्या, म्हणजे चित्रकारानं स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती किती? त्या साधारण दहा टक्क्यांच्या आत असाव्यात असा रिवाज आहे. आणि आवृत्ती संपल्यावर ठशाचं काय केलं? पूर्वापार पद्धत अशी, की पत्र्यावर आडवी रेघ मारून तो बाद करायचा.

नुसत्या सहीवर जाऊ नका. १९७४ साली फ्रान्सच्या सीमेवर स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालींच्या सहीचे हजारो कोरे कागद पकडले गेले होते. चित्राचा पत्ता नाही आणि सही आधीच तयार!

त्यापेक्षा भिंग घ्या. ऑफसेट छपाई असेल तर रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसतील. तांब्याच्या पत्र्यावरून काढलेली प्रत असेल तर कागद तिरका धरा, चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटालाही लागतो.

अलीकडेच एका चित्रकाराकडं लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्र, घ्यायला गेलो होतो. माझे हे सगळे प्रश्न त्यानं शांतपणे ऐकले आणि कपाटातून एक वही काढली. एक ते तीस आकडे, प्रत्येकापुढं तारीख आणि प्रत कुणाकडं गेली त्याचं नाव. चौथ्या आकड्यापुढं नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं : डाग पडला, फाडली. आणि चौथा आकडा त्यानं दुसऱ्या कुठल्याच प्रतीला दिला नव्हता.